आली की बघू?

मराठवाड्यात झाडांवर बाहेरून येणाऱ्या किडीचा विषय कुणी काढला की ठरलेले उत्तर मिळते: ‘आली की बघू.’ ग्रामसभेत हेच ऐकू येते, नगरसेवक हेच सांगतो, रोपवाटिकेचा मालक हेच म्हणतो. शेतीत उभे आयुष्य घालवलेली जाणती माणसेही यापेक्षा वेगळे बोलत नाहीत. त्यामागची मांडणी नीट ऐकून घ्यायला हवी, कारण ती आळशी माणसांची नाही. नांदेड-लातूरच्या माणसासमोर सोयाबीनचा भाव आहे, पाण्याची टंचाई आहे, मुलांच्या शिक्षणाचा खर्च आहे. बांधावरच्या कडुलिंबाला उद्या परमुलखातला एखादा किडा लागेल म्हणून आज सभा घ्यायची, ही पोट भरलेल्यांची चिंता आहे, असे ही मांडणी सांगते. आपली झाडे कोरडवाहू मातीतली, चिवट. दुष्काळ पचवून उभी राहिलेली. कीड आलीच तर औषध आहे, कृषी खाते आहे, परभणीचे विद्यापीठ आहे. नुकसान झालेच तर पंचनामा आहे. आणि यातले काहीच झाले नाही तरी निसर्ग सगळे आपोआप ताळ्यावर आणतो.

गेल्या तीस-पस्तीस वर्षांच्या अनुभवावर घासून पाहिले तर या मांडणीतले एकही वाक्य टिकत नाही.

२०२२च्या खरिपात लातूर, बीड आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत सोयाबीन नुकतेच उगवून दोन पानांवर आले होते. रात्रीतून तासच्या तास नाहीसे झाले. सकाळी शेतात गेलेल्या माणसाला उरलेले खुंट आणि मातीवर वाळलेल्या चिकट रेघा दिसल्या. शंखी गोगलगाय. लोकांनी दुबार पेरणी केली. कुठे कुठे तीही खाल्ली गेली.

तेव्हा सगळ्यांच्या तोंडी एकच शब्द होता: अचानक. अचानक कसे? ही गोगलगाय मूळची पूर्व आफ्रिकेची. विल्यम बेन्सन या शंख-शिंपल्यांच्या अभ्यासकाने १८४७ मध्ये ती मॉरिशसहून कलकत्त्यात आणली, ही नोंद प्रसिद्ध आहे. म्हणजे या पाहुणीला भारतात येऊन पावणेदोनशे वर्षे झाली होती. ती काय खाते, कधी बाहेर पडते, पाऊस संपल्यावर शंखाचे तोंड बंद करून मातीत महिनोन्‌महिने कशी पडून राहते, हे सगळे लिहून ठेवलेले होते. एका खेपेला ती शंभराच्या आसपास अंडी घालते, आणि एकाच जिवात नर-मादी दोन्ही अंगे असल्याने अंडी घालणारी प्रत्येकच असते. एका शिवारात ती हजारोंनी निघते याचा अर्थ आधीचे काही पावसाळे ती त्याच बांधांत, त्याच दगडांखाली वाढत होती. एवढ्या काळात ती कुणाच्याच नजरेला पडली नसेल, यावर विश्वास ठेवणे कठीण आहे. गुरे राखणाऱ्या पोराला, खुरपणाऱ्या बाईला, विहिरीच्या कडेने जाणाऱ्या सालगड्याला ती दिसली असणारच. पण दिसले ते कुणाला सांगायचे, हे गावात ठरलेले नव्हते. सांगितले असते तर पुढे कुणी काय करायचे, हेही ठरलेले नव्हते.

मग उपाय काय निघाला? ओली पोती किंवा गवताचे लहान ढीग संध्याकाळी शेतात ठेवायचे. पहाटे त्याखाली जमलेल्या गोगलगायी हातमोजे घालून वेचायच्या आणि मिठाच्या किंवा साबणाच्या पाण्यात टाकायच्या. बांधाच्या कडेने चुन्याची पट्टी ओढायची. मेटाल्डिहाइडच्या गोळ्या बाजारात आहेत, पण त्या कुत्र्याला आणि जनावरालाही मारतात. शिवारभर त्या पसरणे हा कुणाच्याही विचारातला उपाय असू शकत नाही. राहिले ते वेचणेच. आणि वेचण्याची एक अट आहे. एकाने वेचल्या आणि शेजाऱ्याने नाही, तर दोन रात्रींत शेजारच्या बांधावरून नव्या येतात. सगळ्या शिवाराने, पहिल्या पावसानंतर लगेच, एकाच आठवड्यात हे काम केले तरच त्याला अर्थ राहतो. हे काम कुठला कृषी सहायक एकटा करू शकणार होता? एकेका सहायकाकडे कितीतरी गावे असतात.

त्याच वर्षी शासनाने या तीन जिल्ह्यांसाठी ९८ कोटी ५८ लाख रुपयांची मदत जाहीर केली. ती मिळायलाच हवी होती, तिच्याविरुद्ध बोलण्याचे कारण नाही. पण त्या पैशाने सोयाबीनचे एकही रोप वाचले नाही आणि एकही गोगलगाय मेली नाही. पोती, चुना, मीठ आणि आठवडाभराचे हात एवढाच ज्या कामाचा खर्च, ते काम वेळेवर झाले नाही म्हणून शंभर कोटींच्या घरातली रक्कम वाटावी लागली. पंचनाम्याच्या भरवशावर निश्चिंत राहणाऱ्यांनी हा हिशेब आधी मांडावा.

आणि झाडांच्या बाबतीत तर तो भरवसाही नाही. पिकाचा पंचनामा होतो, फळबागेचा होतो. बांधावरचा लिंब, शाळेच्या अंगणातली चिंच, तांड्याच्या वाटेवरची बाभूळ वाळली तर तिचा पंचनामा करायला कुणी येत नाही. लातूर जिल्ह्यात वनक्षेत्र एक टक्कासुद्धा नाही. नांदेडला किनवट-माहूरची जंगले तरी आहेत. लातूरची सावली ही जवळजवळ सगळी बांधावरची, रस्त्याकडेची, मंदिरामागची आणि शाळेच्या कुंपणातली आहे. ती कुठल्याही खात्याच्या मोजणीत धड येत नाही. जिथे झाडे एवढी थोडी, तिथे एकेक जात जाण्याची किंमत जंगलाच्या जिल्ह्यापेक्षा कितीतरी मोठी.

‘लिंबाला काय होतंय?’ हा प्रश्न आत्मविश्वासाने विचारला जातो. शेजारच्या तेलंगणाने त्याचे उत्तर २०२१ मध्ये पाहिले. त्या वर्षीच्या पावसाळ्यानंतर तिथल्या गावांतले आणि रस्त्यांवरचे कडुलिंब शेंड्याकडून वाळू लागले. हिरवा घेर विटकरी झाला, कोवळी फूट जळल्यासारखी काळवंडली. हैदराबादच्या प्रा. जयशंकर तेलंगणा राज्य कृषी विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी त्यामागे दोन कारणे दाखवली. एक फोमोप्सिस ही बुरशी, आणि दुसरा टी मॉस्किटो बग हा रसशोषक किडा. हा किडा कोकणातल्या काजू बागायतदाराच्या चांगल्या ओळखीचा. तिकडे त्याला ढेकण्या म्हणतात. तो कोवळ्या शेंड्यातला रस शोषतो आणि जागोजाग जखमा करतो. शेंडा आधीच खचलेला असतो, मग बुरशीचे काम सोपे होते. यातले दोघेही सातासमुद्रापलीकडचे नाहीत. कडुलिंबावरच्या या बुरशीची नोंद डेहराडून परिसरात आणि कर्नाटकात १९९०च्या दशकातच झाली होती. पण इथल्या गावांना ती नवीनच, आणि ज्या गावाने एखादी कीड कधी पाहिली नाही त्या गावाला ती समुद्रापलीकडून आली की शेजारच्या राज्यातून, याने काय फरक पडतो?

पुढच्या उन्हाळ्यात बऱ्याच झाडांना पुन्हा पालवी फुटली, आणि लगेच तोच चिवटपणाचा दाखला झाला. पालवी फुटली म्हणजे रोग गेला असे नव्हे. बुरशी वाळलेल्या फांदीत टिकते, पावसाच्या थेंबांबरोबर पसरते, बियांतूनही जाते. दरवर्षी शेंडे गमावणारे झाड साठवलेली ताकद खर्चून पुन्हा फुटते. ही ताकद किती वर्षे पुरेल? रोगाचा जोर मोठा असला तर फळ जवळजवळ धरतच नाही. मराठवाड्याने नेमके इथे थांबून विचार करायला हवा. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचा कुठलाही कीडविषयक सल्ला उघडून पाहावा. सुरुवातीच्या उपायांत पाच टक्के निंबोळी अर्क हमखास असतो. कापूस असो, तूर असो, सोयाबीन असो, गरीब शेतकऱ्याचे पहिले आणि सगळ्यात स्वस्त औषध बांधावरच्या लिंबाखाली उन्हाळ्यात पडलेले असते. निंबोळीच धरली नाही तर ते औषध कुठून आणायचे? कंपनीच्या बाटलीतून, उधारीवर. ज्यांना झाडांची काळजी म्हणजे शेतकऱ्याच्या खऱ्या प्रश्नांपासून पळ वाटतो, त्यांनी हा खर्च शेतकऱ्याच्या खात्यावर लिहून पाहावा.

‘ते तिकडे झाले, आपल्याकडे कुठे?’ असे म्हणणाऱ्याने नकाशा पाहावा. देगलूर, बिलोली, धर्माबाद, किनवट या तालुक्यांना तेलंगणाची हद्द लागून आहे. उदगीर, देवणी, निलंगा बिदरला चिकटून आहेत. लग्ने हद्दीपलीकडे होतात, बैलबाजार हद्दीपलीकडे भरतात, लाकूडफाटा हद्दीपलीकडून येतो. अमेरिकन लष्करी अळी मे २०१८ मध्ये कर्नाटकात शिवमोगा भागात मक्यावर सापडली आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात पोचली. मिरचीवरच्या फुलकिडीची गोष्ट याहून बोलकी आहे. आग्नेय आशियातली ही जात २०१५ मध्ये बेंगळुरूला पपईवर आढळल्याची नोंद झाली. २०२१ मध्ये तिने तेलंगणा आणि आंध्रातली मिरची उद्ध्वस्त केली. मधली सहा वर्षे सूचना हातात होती. धर्माबादच्या मिरची बाजारावर ज्यांचे पोट आहे, त्यांच्यापैकी किती जणांपर्यंत ती सूचना पोचली?

अळी उडून आली, तिला कोण अडवणार, असे म्हणता येईल. झाडांवरच्या किडींचे तसे नसते. त्या बहुतेक वेळा माणसाच्या गाडीतून येतात. आंध्रातल्या राजमहेंद्रीजवळच्या कडियमच्या रोपवाटिकांतून देशभर झाडे जातात. बंगल्यांसाठी, मंगल कार्यालयांसाठी, रस्ता दुभाजकांसाठी मोठाली तयार झाडे मुळाच्या मातीच्या गड्ड्यासकट ट्रकने येतात. त्या गड्ड्यात गोगलगायीची अंडी असू शकतात, सूत्रकृमी असू शकतो, पानांच्या मागे पिठ्या ढेकूण असू शकतो. गाडी उतरली की रोप थेट खड्ड्यात. दोन-तीन आठवडे ते वेगळे ठेवून पाहायचे, माती तपासायची, पानामागे भिंगाने बघायचे, अशी अट किती निविदांमध्ये असते? झाडाची उंची किती आणि बुंध्याचा घेर किती, एवढेच पाहून बिल निघत असेल, तर सरकारी पैशानेच कीड गावात आणली जाईल.

वाट पाहण्याचा सगळ्यात महागडा धडा अमेरिकेत मिळाला. तिथे २००२ मध्ये डेट्रॉइटच्या परिसरात ॲश जातीची झाडे का मरत आहेत याचा शोध घेताना हिरव्या रंगाचा एक आशियाई भुंगेरा सापडला. बहुधा मालाच्या लाकडी खोक्यांतून आलेला. पुढे कळले की तो जवळजवळ दहा वर्षे आधीच आला होता. त्या दहा वर्षांत लोकांना झाडे सुकताना दिसत होती. पाणी कमी पडले असेल, झाड म्हातारे झाले असेल, असे म्हणून ती कापली जात होती. त्यानंतर कोट्यवधी झाडे गेली. हा भुंगेरा दूरदूरच्या गावांत पोचला तो मुख्यतः जळाऊ लाकडातून, म्हणून तिथल्या राज्यांना सरपण एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात नेण्यावर बंदी घालावी लागली. नांदेड-लातूरच्या रस्त्यांवरून सालीसकट किती लाकूड रोज हलते, हे इथल्या कुणाला सांगायची गरज नाही.

आता औषधाचे. पपईवरचा पिठ्या ढेकूण २००८ मध्ये कोइमतूरला सापडला, आणि दोनेक वर्षांत महाराष्ट्रात पुणे भागात पोचला. पपई, तुती, पेरू, जास्वंद, जे सापडेल ते पांढऱ्या लोकरीने भरले. फवारण्या झाल्या, वारंवार झाल्या. त्याच्या अंगावरच्या मेणचट थरातून औषध आत शिरत नाही. मेले ते त्याला खाणारे मित्रकीटक. शेवटी २०१० मध्ये बेंगळुरूच्या कृषी कीटक संस्थेने अमेरिकन कृषी खात्याच्या मदतीने प्युर्टो रिकोहून बारीक परजीवी गांधीलमाश्या आणून सोडल्या, आणि काही महिन्यांत कीड आवरली. हे घडले ते किडीची नेमकी जात ओळखली गेली म्हणून. जात ओळखायला नमुना लागतो आणि नमुना पाठवायला गावात कुणीतरी लागतो. शिवाय कापसाचे फवारे डोक्याएवढ्या झाडावर चालतात. चाळीस फुटी लिंबावर, खाली अंगणवाडी भरत असताना, कुठले विष कसे मारणार? हा पर्याय मांडणाऱ्याने ते एकदा प्रत्यक्ष करून दाखवावे.

‘निसर्ग आपोआप’ हा युक्तिवाद याच उदाहरणांवरून केला जातो, म्हणून त्याचाही निकाल लावला पाहिजे. १९८८ मध्ये सुबाभळीवर आलेल्या उवेसारख्या किड्याने महाराष्ट्रातल्या सुबाभळी पांगळ्या केल्या. बायफसारख्या संस्थांनी चाऱ्यासाठी आणि सरपणासाठी हे झाड गावोगाव नेले होते. तो किडा आवरण्यासाठी निळसर रंगाचा परभक्षी भुंगेरा थायलंडहून आणावा लागला; तो आपल्या पंखांनी आला नव्हता. २००२ मध्ये सांगलीत उसावर लोकरी मावा दिसला तेव्हाही तसेच. त्याला खाणाऱ्या कोनोबाथ्रा आणि मायक्रोमस या मित्रकिडी इथे होत्या, हे खरे. पण शेतकऱ्यांनी आणि साखर कारखान्यांनी फवारणी थांबवली, मित्रकिडी असलेली पाने कापून एका गावातून दुसऱ्या गावात नेऊन बांधली, तेव्हा कुठे मावा हटला. ज्याला निसर्ग म्हणून श्रेय दिले जाते त्यात हजारो माणसांचे डोळे आणि पाय होते. लातूरच्या उसाच्या पट्ट्यात अनेकांना हे ठाऊक आहे.

केळीचे तर याहून गंभीर. नांदेडचा अर्धापूर, मुदखेड हा पट्टा केळीवर उभा आहे. ‘अर्धापुरी’ या नावाने वाण ओळखला जातो. पनामा मर रोगाचा ट्रॉपिकल रेस फोर हा नवा प्रकार बिहारच्या कटिहार भागात आणि उत्तर प्रदेशात सापडला आहे. तो नेमका कॅव्हेंडिश गटातल्या केळीला मारतो, आणि बसराई, अर्धापुरी, ग्रँड नैन ही सगळी त्याच गटातली. बुरशी जमिनीत एकदा शिरली की दशके राहते; औषध नाही. ती कंदातून, पिल्लांतून, ट्रॅक्टरच्या चाकाला आणि माणसाच्या चपलेला लागलेल्या मातीतून जाते. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंडच्या टली भागात मार्च २०१५ मध्ये हा रोग दिसला. तिथे पहिला बाधित मळा सरळ विकत घेऊन बंद केला गेला. मळ्यांच्या फाटकांवर पाय आणि चाके धुण्याची सोय झाली. बागायतदारांनी शेजाऱ्याच्या मळ्यात पाय टाकण्याचे नियम स्वतःवर लादून घेतले. त्यानंतरच्या वर्षांत रोग मोजक्याच मळ्यांपुरता राहिला. अर्धापुरात केळीचे घड उतरवायला येणाऱ्या गाड्या आणि टोळ्या कुठल्या जिल्ह्यांतून येतात, त्यांची चाके आणि विळे कोण धुते? नांदेडला केळी संशोधन केंद्र आहे. केंद्र सल्ला देईल. फाटकावरची चुन्याची किंवा जंतुनाशकाची पाटी भरून ठेवणे बागायतदारालाच करावे लागेल. रोग दिसल्यावर ती पाटी ठेवून उपयोग शून्य.

शासनावर सोपवून मोकळे होणाऱ्यांसाठी एक आठवण. २००८ मध्ये विदर्भ-मराठवाड्यात अळ्यांनी सोयाबीन फस्त केले, त्यानंतर राज्याने क्रॉपसॅप हा कीड पाहणीचा प्रकल्प सुरू केला. ठरलेल्या शेतांत ठरलेल्या दिवशी जाऊन किडी मोजायच्या आणि वेळेवर सल्ला द्यायचा. चांगली योजना आहे, फळपिकांसाठीही ती वाढवली गेली. पण बांधावरचा लिंब तिच्यात नाही, रस्त्यावरचा वड तिच्यात नाही, तांड्यावरची बाभूळ तिच्यात नाही. शहरांसाठी १९७५चा वृक्ष जतन कायदा दर पाच वर्षांनी झाडांची गणना करायला सांगतो. नांदेड-वाघाळा आणि लातूर या दोन्ही महापालिकांना तो लागू आहे. गावांसाठी २००२च्या जैवविविधता कायद्याने समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही दिली आहे. ही नोंदवही शेवटची कधी उघडली गेली, हा प्रश्न कुठल्याही ग्रामसभेत विचारता येतो. साधन गावाच्या कपाटात आहे. ते वापरायला शासनाने आणखी काय करायचे?

२०१९ मध्ये राज्याने ३३ कोटी झाडे लावण्याचा संकल्प केला. खड्डे मोजले गेले. जाती किती, एका जातीची झाडे एका ओळीत किती, हे विचारणारे थोडे होते. अमेरिकन वृक्षतज्ज्ञ फ्रँक सांतामूर यांनी १९९० मध्येच शहरांसाठी सुचवले होते की एका जातीची झाडे दहा टक्क्यांहून अधिक नसावीत, एका प्रजातीची वीस टक्क्यांहून आणि एका कुळाची तीस टक्क्यांहून अधिक नसावीत. कारण एकच: एक कीड आली तर सगळा रस्ता उघडा पडू नये. लातुरात नागरिकांच्या गटांनी रोज झाडे लावून जगवण्याचे काम निष्ठेने केले आहे. त्या हातांना लागवडीबरोबर निरीक्षणाचे काम दिले तर या जिल्ह्याइतकी तयार फौज दुसरीकडे मिळणार नाही.

राहिला दुष्काळाचा मुद्दा. हा सगळ्यात मोठा म्हणून पुढे केला जातो, आणि नेमका तोच उलटतो. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावे लागले. ज्या शहराने ते पाहिले त्याला हे सांगावे लागू नये की वाढलेले झाड मेले तर त्याच्या जागी लावलेल्या रोपाला पुढचे तीन-चार उन्हाळे पाणी घालावे लागते. ते पाणी कुठून येणार? शिवाय पाण्याच्या ताणाने खचलेल्या झाडावर खोडकिडा आणि बुरशी आधी बसते. दुष्काळी मुलुखाला झाडांच्या किडीची तयारी चैन म्हणून परवडत नाही, असे नाही. तयारी न करणे त्याला परवडत नाही.

सामूहिक कीडनियंत्रण इथल्या माणसाला अनोळखी आहे, हेही खोटे. वळवाचा पहिला मोठा पाऊस झाला की हुमणीचे भुंगेरे संध्याकाळी जमिनीतून निघून लिंबावर आणि बाभळीवर जमतात. ऊसवाली गावे बांबूच्या आकड्याने फांद्या हलवून ते खाली पाडतात आणि रॉकेल मिसळलेल्या पाण्यात टाकतात. दोन-चार संध्याकाळींचा खेळ. चुकला तर वर्षभर अळी मुळे खाते. म्हणजे कुठल्या झाडावर, कुठल्या नक्षत्राच्या आसपास, किती वाजता जायचे, याचे ज्ञान गावात आहे. ते फक्त एका किडीपुरते अडकून पडले आहे.

त्यासाठी नवा दिवसही शोधायला नको. येळवशीला लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांतली, नांदेडच्या काही भागांतली घरेच्या घरे शेतात जातात. शहराचे रस्ते ओस पडतात, जिल्ह्याला सुट्टी असते. मार्गशीर्ष अमावास्येच्या या दिवशी प्रत्येक बांधावर, प्रत्येक झाडाखाली माणूस असतो. पावसाळा संपून गेलेला असतो. वाळलेले शेंडे, खोडातली भोके, सालीतून गळणारा डिंक, बुंध्याशी पडलेला भुसा हे सगळे तेव्हा नजरेत भरते. भज्जी-आंबिलीच्या आधी अर्धा तास घरातल्या पोरांनी बांधावरची झाडे मोजली आणि संशयास्पद फांदीचा फोटो काढला, तर एका दिवसात दोन जिल्ह्यांची अशी पाहणी होईल जी कुठल्याही खात्याला वर्षभरात जमणार नाही.

तेव्हा मागणी स्पष्ट आहे. येत्या १ मेच्या ग्रामसभेत हा विषय कार्यक्रमपत्रिकेवर घ्यावा. जैवविविधता नोंदवहीत बांधावरच्या, रस्त्यावरच्या आणि सार्वजनिक जागेतल्या झाडांची जातवार मोजणी लिहावी, आणि पुढे आजाराचा रकाना आखावा. एक शिक्षक, एक बचत गटातली बाई आणि एक तरुण शेतकरी अशी तीन नावे ठरवावीत, ज्यांच्याकडे कुणीही वाळलेली फांदी घेऊन जाईल. सगरोळी, पोखर्णी आणि लातूरच्या कृषी विज्ञान केंद्रांचे क्रमांक शाळेच्या भिंतीवर रंगवावेत. ग्रामपंचायतीने किंवा महापालिकेने विकत घेतलेले कुठलेही रोप तीन आठवडे वेगळे ठेवल्याशिवाय लावू नये, हे निविदेत लिहावे. सालीसकट लाकूड हद्दीबाहेरून आणून गावात साठवू नये. अर्धापूर-मुदखेडच्या बागायतदारांनी फाटकावर पाय आणि चाके धुण्याची सोय याच हंगामात करावी. यातल्या कोणत्या कामासाठी कीड डोळ्यांनी दिसेपर्यंत थांबावे लागते, ते विरोध करणाऱ्याने त्याच सभेत उभे राहून, इतिवृत्तात नाव नोंदवून सांगावे.